ज्येष्ठांच्या महिन्याच्या औषधांचा खर्च कोण देतो? इंदूरकर घरांसाठी विमा, सरकारी हक्क आणि जनऔषधीची सविस्तर माहिती

ज्या घरात सत्तरीच्या आसपासची माणसं आहेत, तिथला सगळ्यात ठरलेला खर्च म्हणजे मेडिकलचं बिल. किराणा आटोक्यात आणता येतो, प्रवास पुढे ढकलता येतो, पण बीपीची, शुगरची, थायरॉइडची गोळी चुकवता येत नाही. आणि नेमका हाच खर्च बहुतेकांच्या आरोग्य विमा पॉलिसीत बसत नाही. लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग अशा भागांतल्या कितीतरी मराठी घरांत मुलं पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात आहेत. पॉलिसी त्यांनी तिथूनच ऑनलाइन घेतलेली असते आणि आईबाबांच्या हाती फक्त कार्ड असतं. कार्ड आहे म्हणजे औषधांचंही भागेल, असा समज पक्का होतो. मग एखाद दिवशी मेडिकलच्या बिलांचा गठ्ठा कंपनीकडे जातो आणि नकाराचं पत्र येतं.

अमेरिकेतला मुलगा फोनवर विचारतो, "बाबा, तुम्ही औषधांचा प्लॅन कुठला घेतलाय?" त्याचं विचारणं बरोबर आहे, कारण तिकडे तशी सोय आहे. पासष्टीपुढच्या लोकांसाठी मेडिकेअर या सरकारी विम्याचा 'पार्ट डी' नावाचा फक्त औषधांचा विमा १ जानेवारी २००६ पासून चालू आहे. त्या प्लॅनमधल्या औषधांवर माणसाला स्वतःच्या खिशातून वर्षाला जास्तीत जास्त किती भरावं लागेल, याला मर्यादा आहे. २०२५ साली ती २,००० डॉलर होती, २०२६ साठी २,१०० डॉलर. आपल्याकडे असा स्वतंत्र औषध विमा मोठ्या प्रमाणावर नाहीच. इथला आरोग्य विमा मुळात दवाखान्यात भरती होण्याचा विमा आहे. म्हणून रोजच्या गोळ्यांची सोय आपल्याला तीन-चार ठिकाणांहून जमवावी लागते. कुठून काय मिळतं आणि कोणत्या क्रमाने शोधायचं, ते पुढे दिलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक नवी पॉलिसी शोधण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते ते शेवटी करायचं काम आहे.

पहिलं काम: सगळ्या गोळ्या एका पानावर

घरातली सगळी औषधं टेबलावर काढा. डब्यातली, फ्रिजमधली, देवघराच्या कप्प्यात ठेवलेलीसुद्धा. प्रत्येक स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरात आतल्या औषधाचं नाव असतं: टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, असं. आपल्या कामाचं नाव हे बारीक अक्षरातलं. भिंग लागलं तर घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहा.

पानावर प्रत्येक औषधापुढे एवढं लिहा: बाजारातलं नाव, आतलं औषध आणि त्याची ताकद, दिवसातून किती वेळा, कोणत्या डॉक्टरांनी दिलं, कशासाठी, कोणत्या साली सुरू झालं, महिन्याला किती रुपये लागतात. खाली महिन्याची बेरीज आणि तिला बारांनी गुणून वर्षाची. समजा महिन्याला ३,८०० रुपये लागत असतील तर वर्षाचे ४५,६०० झाले. हा आकडा पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार आहे.

हे पान करताना बऱ्याचदा एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या, दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत अ‍ॅम्लोडिपिन असतं आणि घराजवळच्या डॉक्टरांनी पूर्वीच सुरू केलेल्या दुसऱ्या नावाच्या गोळीतही तेच असतं. नावं वेगळी असल्यामुळे दोन्ही चालू राहतात आणि आजींना उभं राहिलं की चक्कर येते. असं काही दिसलं तर मनाने काही बंद करू नका. पान घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्याकडून खूण करून घ्या. गुडघेदुखीसाठी अधूनमधून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा या पानावर हव्यात, कारण बीपीच्या काही औषधांबरोबर त्या किडनीला त्रासदायक ठरतात.

'कोणत्या साली सुरू झालं' हा रकाना लोक गाळतात. विम्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोलाचा आहे. का, ते पुढे येईलच.

दुसरं काम: आधीपासून असलेला हक्क तपासा

निवृत्त माणूस कुठे नोकरीला होता, यावर औषधांचं निम्मं उत्तर अवलंबून असतं. केंद्र सरकारच्या खात्यांतून निवृत्त झालेल्यांना सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेचं कार्ड घेता येतं आणि इंदूर या योजनेच्या शहरांत आहे. वर्गणी निवृत्तीच्या वेळच्या वेतनस्तराप्रमाणे महिन्याला २५० ते १,००० रुपये आहे. दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड आयुष्यभरासाठी होतं. यातला मोठा फायदा ओपीडीच्या, म्हणजे भरती न होता घ्यायच्या, औषधांचा आहे. बीपी-मधुमेहासारख्या कायमच्या आजारांची औषधं एका वेळी तीन महिन्यांपर्यंतची मिळू शकतात. जे सीजीएचएसच्या क्षेत्राबाहेर राहतात, त्यांना पेन्शनबरोबर महिना १,००० रुपये स्थिर वैद्यकीय भत्ता घेता येतो. देवास किंवा धारच्या बाजूला स्थायिक झालेल्या पेन्शनरांनी आपल्या पेन्शनच्या पावतीवर हा भत्ता दिसतो का, ते एकदा बघावं.

माजी सैनिकांसाठी ईसीएचएस आहे. ती योजना एप्रिल २००३ मध्ये सुरू झाली. महू हाकेच्या अंतरावर असल्याने इंदुरात अशी कुटुंबं बरीच आहेत. पॉलिक्लिनिकमधून पती-पत्नी दोघांची औषधं मिळतात. रेल्वेच्या निवृत्तांसाठी त्यांची स्वतःची वैद्यकीय योजना आहे आणि तिचं कार्ड 'उमीद' म्हणून ओळखलं जातं. बँकेतून निवृत्त झालेल्यांनी आपल्या गट विम्याच्या कागदात 'डोमिसिलिअरी' हा शब्द शोधावा. काही गट पॉलिसींत भरती न होता घेतलेल्या ठरावीक आजारांच्या औषधांचा खर्च याच नावाखाली येतो. तो भाग घेतला तर प्रीमियम किती वाढतो हे बघा आणि पानावरच्या वार्षिक आकड्याशी ताडून पाहा.

मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते ती कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसांबद्दल, कारण त्यांना त्यांचा हक्क कुणी सांगतच नाही. ज्यांनी पगारातून ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, हप्ता कापला जाणाऱ्या नोकरीत किमान पाच वर्षं काढली आणि जे निवृत्तीच्या वयात नोकरी सोडून बाहेर पडले, त्यांना महिना १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये एकदम भरून स्वतःला आणि पत्नीला किंवा पतीला वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. १२० रुपये! पिथमपूरच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या कुणाच्या घरी हे वाचलं जात असेल, तर जुना विमा क्रमांक आणि निवृत्तीचा दाखला शोधून नंदा नगरच्या ईएसआयसी रुग्णालयाच्या वाटेला आजच लागा.

यातलं काहीच लागू होत नसेल तरी सरकारी रुग्णालयांत आणि वस्तीतल्या संजीवनी क्लिनिकमध्ये बीपी-मधुमेहाची नेहमीची औषधं मोफत देण्याची सोय आहे. प्रत्येक औषध प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. पण यादीतल्या दोन गोळ्या जरी तिथून मिळाल्या तरी महिन्याचा आकडा खाली येतो.

तिसरं काम: विमा घेण्याआधी बिल कमी करा

प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजनेच्या दुकानांत मिळणारी औषधं नावाजलेल्या कंपन्यांच्या औषधांपेक्षा साधारण ५० ते ९० टक्के स्वस्त असतात. 'जनऔषधी सुगम' हे अ‍ॅप मोबाइलवर घ्या. त्यात आतल्या औषधाचं नाव टाकलं की जनऔषधीतली किंमत दिसते आणि जवळचं केंद्रही सापडतं. आपल्या पानावर 'जनऔषधीची किंमत' असा आणखी एक रकाना काढा आणि घरी बसून भरून टाका.

"स्वस्त आहे म्हणजे हलकं असणार" हे वाक्य आपल्या घरांत फार ऐकू येतं. औषध स्वस्त असण्याचं मुख्य कारण असं की त्याच्या किमतीत ब्रँडची जाहिरात आणि विक्रीच्या साखळीचा खर्च नसतो. या औषधांचा प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच दुकानात येतो. तरीही काही औषधांच्या बाबतीत सावध राहायला हवं. थायरॉइड, फेफरं, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन यांसारख्या औषधांत मात्रेचा थोडा फरकही जाणवतो. ती बदलायची तर डॉक्टरांना सांगून आणि त्यांनी सांगितलेल्या वेळी रक्ततपासणी करूनच. मधुमेहाच्या गोळीवर 'एसआर' किंवा 'ईआर' असं लिहिलेलं असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे. तिच्या जागी साधी घेऊन चालत नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर मेडिकलवाल्याने परस्पर दुसरं औषध देणं नियमात बसत नाही. म्हणून डॉक्टरांनाच विनंती करा: "साहेब, चिठ्ठीवर आतल्या औषधाचं नाव लिहून द्याल का? जनऔषधीतून घ्यायचं आहे." इतकं सरळ विचारलं तर बहुतेक डॉक्टर लिहून देतात. जे औषध जनऔषधीत नाही, त्यासाठी एमवाय रुग्णालयाजवळच्या दवा बाजारात महिन्याचा साठा एकदम घेतला तर घराजवळच्या दुकानापेक्षा सूट जास्त मिळते. मात्र पक्कं बिल घ्या, रुग्णाच्या नावाचं. बिल न घेता मिळालेली आणखी पाच टक्के सूट पुढे महागात पडते.

दोन गोष्टी माहीत असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि ३३ जीवरक्षक औषधांवरचा पूर्ण गेला. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असलेल्या औषधांना सरकारने कमाल किंमत ठरवून दिलेली असते आणि 'फार्मा सही दाम' या अ‍ॅपवर ती बघता येते. छापील किंमत त्याहून जास्त दिसली तर तक्रार करता येते.

एवढं केल्यावर ४५,६०० चा आकडा किती खाली येतो ते पाहा. तो १८,००० वर आला तर पुढचे सगळे निर्णय बदलतात.

चौथं काम: हातात असलेली पॉलिसी औषधांसाठी वाचा

पॉलिसीत रोजच्या गोळ्या नाहीत हे खरं. पण औषधांचा जो भाग तिच्यात असतो, तोही लोक मागत नाहीत. भरती होण्याच्या आधीचे आणि घरी आल्यानंतरचे काही दिवस पॉलिसीत मोजले जातात. बऱ्याच पॉलिसींत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस असतात, काहींत ६० आणि ९०, काहींत त्याहून जास्त. या दिवसांत त्याच आजारासाठी घेतलेली औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांची फी कंपनीकडून मिळते.

उदाहरण घेऊ. काकांची अँजिओप्लास्टी झाली, १० जूनला भरती आणि १३ जूनला घरी. पॉलिसीत ३० आणि ६० दिवस असतील तर ११ मेपासून १२ ऑगस्टपर्यंतची हृदयविकाराशी संबंधित बिलं मागता येतात. डिस्चार्जच्या वेळी सुरू झालेली रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी यात येते. दहा वर्षांपासून चालू असलेली थायरॉइडची गोळी येत नाही. दवाखान्याचं बिल कॅशलेस झालं, म्हणजे कंपनीने परस्पर भरलं, की क्लेम संपला, असं समजून बहुतेक घरं इथेच थांबतात. ही बिलं कॅशलेसमध्ये येत नाहीत, ती वेगळा अर्ज करून मागावी लागतात आणि पैसे खात्यात येतात.

त्यासाठी डिस्चार्ज समरीत, म्हणजे घरी सोडताना मिळणाऱ्या कागदात, त्याच दिवशी नीट बघा. प्रत्येक औषधाचं नाव, मात्रा आणि किती दिवस घ्यायचं हे लिहिलेलं हवं. नुसतं 'पूर्वीप्रमाणे औषधं चालू' असं लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. नंतर त्या सहीसाठी चार खेपा होतात. बिलावर रुग्णाचं नाव हवं, पैसे भरणाऱ्या मुलाचं नाही. डॉक्टरांचं नाव, तारीख, औषधाचा बॅच नंबर आणि दुकानाचा नोंदणी क्रमांक हवा. मूळ बिलं पाठवण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा, कारण मेडिकलच्या थर्मल कागदावरची शाई दोन महिन्यांत उडते. सहा महिन्यांचा साठा एकदम घेतलात तर कंपनी प्रश्न विचारणारच, म्हणून बिलातलं औषध त्या ६० दिवसांपुरतं असू द्या. अर्ज कधीपर्यंत पाठवायचा याची मुदत पॉलिसीत दिलेली असते. ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

खोलीच्या भाड्याची कात्री बहुतेकांना माहीत आहे. पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की कंपनी त्याच प्रमाणात इतर खर्चही कापते. पण औषधं, दवाखान्यात वापरलेलं किरकोळ साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणं आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असा विमा नियामकाचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. फायनल बिलात औषधांवरही कपात दिसली तर टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, माणसाला तिथेच हे विचारा.

कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी आणखी एक गोष्ट माहीत हवी. नियामकाने विम्यातून वगळता येणार नाहीत अशा बारा आधुनिक उपचारांची यादी केली आहे. तिच्यात तोंडाने घ्यायची केमोथेरपी आहे, इंजेक्शनने दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे आणि म्हातारपणी दृष्टिपटल खराब झालं की डोळ्यात द्यावी लागणारी इंजेक्शनंही आहेत. कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांच्या एकसारख्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. म्हणून 'गोळी घरी घेतली, भरती झालेच नाही' एवढ्या कारणावर केमोच्या गोळ्यांचा विचार सोडून देऊ नका. आधी पॉलिसीतलं ते पान वाचा आणि कंपनीला लेखी विचारा.

मुलांनी पुण्याहून किंवा मुंबईहून पॉलिसी घेतली असेल तर त्यावर पत्ता कोणता आहे तेही बघा. काही कंपन्या शहरांचे झोन करतात. स्वस्त झोनचा प्रीमियम भरून महाग झोनमधल्या शहरात उपचार घेतले की बिलाचा ठरावीक टक्का आपल्याकडून घेतात. इंदूरच्या पत्त्यावरची पॉलिसी असेल आणि ऑपरेशन मुंबईला मुलाकडे करायचं ठरत असेल, तर हे आधी विचारून घ्या.

पाचवं काम: सत्तरी ओलांडली असेल तर वय वंदना कार्ड

२९ ऑक्टोबर २०२४ ला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, आयुष्मान भारत योजना सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी खुली झाली. उत्पन्नाची अट नाही. बंगला आहे, पेन्शन आहे, मुलगा इंजिनिअर आहे, तरी चालतं. आमच्यासारख्यांना कुठे मिळतंय, असं म्हणून पांढरपेशी मराठी घरांनी या योजनेचं वय वंदना कार्ड काढलेलं नसतं, याची मला खंत वाटते. आधार कार्डावर सत्तर पूर्ण असले की पुरे. आयुष्मान अ‍ॅपवर आधारची पडताळणी करून घरबसल्या कार्ड निघतं. अडलं तर १४५५५ हा मदत क्रमांक आहे.

वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं आणि घरात दोघं सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून. जुन्या आजारांसाठी थांबण्याची मुदत नाही. खाजगी पॉलिसी किंवा ईएसआयसी असलेल्यांना हे कार्डही ठेवता येतं. सीजीएचएस किंवा ईसीएचएसवाल्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. औषधांपुरतं बघितलं तर ज्यांना सीजीएचएसमधून महिन्याची औषधं मिळतात, त्यांनी ते सोडण्यात मला काही फायदा दिसत नाही, कारण वय वंदनामध्ये ओपीडीची औषधं नाहीत. तिच्यात औषधं येतात ती भरती असतानाची, भरतीआधीच्या तीन दिवसांची आणि घरी आल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतची.

सहावं काम: नवी पॉलिसी किंवा ओपीडीची जोड घ्यायची असेल तर

१ एप्रिल २०२४ पासून नियम ज्येष्ठांच्या बाजूने बरेच सुधारले. पासष्टीनंतर नवी पॉलिसी नाहीच, अशी वयाची अट राहिलेली नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की 'तुम्ही आजार सांगितला नव्हता' या कारणावर कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारू शकते. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत नको म्हणता येतं. जानेवारी २०२५ पासून कंपनीला ज्येष्ठांचा प्रीमियम एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी नियामकाशी बोलावं लागतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

अर्ज भरताना पहिल्या कामातलं पान समोर ठेवा आणि त्यावरची प्रत्येक गोळी, सुरू झाल्याच्या सालासकट, अर्जात येऊ द्या. एजंट म्हणतो, "काकू, शुगरची एकच तर गोळी आहे, लिहू नका, प्रीमियम वाढेल." त्याचं ऐकू नका. पुढे भरती व्हायची वेळ आली की डॉक्टर केसपेपरवर 'बारा वर्षांपासून मधुमेह' असं लिहितात, आणि क्लेम तपासणारा माणूस अर्ज आणि केसपेपर शेजारी ठेवूनच निर्णय घेतो. मुलं ऑनलाइन अर्ज भरत असतील तर त्यांना पानाचा फोटो पाठवा. अंदाजाने भरू देऊ नका.

आता ओपीडीची जोड, म्हणजे जादा प्रीमियम घेऊन डॉक्टरांची फी आणि औषधांचा काही खर्च देणारा भाग. यात फक्त गणित करायचं. समजा या जादा भागाचा प्रीमियम ६,००० रुपये आहे आणि फायदा १०,००० चा. त्यातला औषधांचा वाटा किती? समजा ४,०००. उरलेलं फक्त कंपनीच्या अ‍ॅपवरून घेतलेल्या सल्ल्याला आणि ठरावीक लॅबच्या तपासण्यांना. म्हणजे औषधांसाठी ६,००० देऊन ४,००० घ्यायचे. आपले नेहमीचे डॉक्टर त्यांच्या यादीत नसतील तर उरलेले ६,००० हाती येणंही कठीण. औषधांना वेगळी मर्यादा आहे का, जनऔषधीचं बिल चालतं का, जुन्या आजारांची औषधं पहिल्या वर्षापासून मिळतात का, आणि सध्याचे डॉक्टर चालतात का, या चार प्रश्नांची लेखी उत्तरं मागा. ज्यांना दर महिन्याला दोन-तीन तज्ज्ञांकडे जावं लागतं, त्यांना ही जोड परवडू शकते. नुसत्या ठरलेल्या गोळ्या असतील तर माझा कल नको म्हणण्याकडेच आहे.

त्यापेक्षा औषधांसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवणं जास्त उपयोगी पडतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. ८.२ टक्के दर धरला तर ३ लाखांवर तिमाहीला ६,१५० रुपये येतात. मघाशी १८,००० वर आलेलं वर्षाचं बिल यातून सहज निघतं. व्याज जमा झालं की तीन महिन्यांची औषधं आणायची, असा शिरस्ता घातला तर मुलांकडे मागायची वेळ येत नाही, आणि स्वाभिमानी माणसाला ते फार मोलाचं असतं.

सातवं काम: बिलं जपून ठेवा, करात सवलत आहे

साठीच्या पुढच्या ज्या व्यक्तीचा आरोग्य विमा नाही, तिच्या औषधोपचाराच्या खर्चावर जुन्या करपद्धतीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. आपण ही सवलत ८०डी म्हणून ओळखतो. रोजच्या गोळ्याही त्यात येतात. आईबाबांचा खर्च मुलाने केला असेल तर वजावट त्याला मिळते. मात्र पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत. मेडिकलवाल्याला यूपीआयने द्या. बाबांना फोनवर ते जमत नसेल तर मुलाने पुण्याहून पाठवले तरी काम होतं.

कर्करोग, किडनी निकामी होणं, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश यांसारख्या ठरावीक आजारांसाठी ज्येष्ठांना १ लाखापर्यंत वेगळी वजावट आहे. तिला तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि विम्याकडून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून सीएला क्रमांक न सांगता खर्च कशाचा आहे ते सांगा.

क्लेम नाकारला तर

पहिलं पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. नकार कोणत्या अटीखाली दिला, ती अट पॉलिसीच्या कोणत्या पानावर आहे, हे लेखी मागा. फोनवरचं बोलणं उपयोगाचं नाही. त्याबरोबर नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळला आहे. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. लोकपालाचा निवाडा कंपनीला पाळावाच लागतो. अर्जाबरोबर पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र, डिस्चार्ज समरी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावलेली बिलं आणि औषधांचं ते पान जोडा. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि सुनावणी व्हिडिओवरही होते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला भोपाळचा प्रवास करावा लागेलच असं नाही.